खेळातली खोट आणि खिडकीवरचे उत्तर

गिरगावातल्या खोताच्या वाडीत सुटीच्या दिवशी दुपारी शिरले, म्हणजे अद्यापही एखाद्या लाकडी घराच्या ओट्यावर पाच-सहा मुलांचे टोळके आढळते. पूर्वी अशा टोळक्याच्या हाती बॅट आणि रबरी चेंडू असे. आता एकाच्या हाती मोबाइल असतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावत असतात. परवा अशाच एका टोळक्यात एकाएकी हशा पिकला. काय झाले म्हणून पाहिले, तर पडद्यावरच्या खेळातली मोटार भिंतीत अर्धी रुतली होती आणि क्षणार्धात ती कटलेल्या पतंगासारखी आकाशात भिरकावली गेली. मोटार भिंतीत शिरत नाही आणि आकाशात उडत नाही, हे त्या मुलांना पक्के ठाऊक होते. ‘गेम चुकला!’ असा त्यांनी एकमुखाने निकाल दिला. लगेच दुसऱ्याने मोबाइल ओढून घेतला आणि तीच मोटार त्याच भिंतीवर पुन्हा नेऊन आदळली. चूक पुन्हा होते की नाही, हे त्याला पाहायचे होते.

वडीलधाऱ्या मंडळींना हा निव्वळ पोरखेळ वाटेल, आणि अभ्यास सोडून चाललेला पोरखेळ वाटेल. तो तसा आहेही. परंतु त्या मुलांनी दोन मिनिटांत जे केले, ते आपल्यासारखी शिकलीसवरलेली माणसे कचेरीच्या खिडकीपुढे उभी असताना करू शकत नाहीत. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून ‘यंत्र चुकले’ असे म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, ती चूक पडताळून पाहिली आणि ती चारचौघांना दाखविली. या तीन गोष्टींची किंमत किती मोठी आहे, याचा विचार आपल्याकडे व्हावा तसा झालेला नाही.

यंत्राची मोजदाद

खेळातल्या या चुका होतात तरी कशा? त्यांत जादू काही नसते. जुन्या मोटारींतला अंतर मोजणारा काटा ९९,९९९ वर पोचला, की पुढच्या किलोमीटरला पुन्हा शून्यावर येई. मोटार त्यामुळे नवी होत नसे. आकडे मांडायला घरे तेवढीच होती, एवढाच त्याचा अर्थ. संगणकाच्या एका लहान खणात आठ घरे असतात आणि त्यांत शून्यापासून २५५ पर्यंतचेच आकडे मावतात. जपानच्या नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ हा खेळ १९८० साली निघाला. त्यात पातळी मोजायला असाच एक खण होता. कोणी २५५ पातळ्या पार करील, असे खेळ रचणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावे. पण चिकाटीच्या खेळाडूंनी त्या पार केल्या, आणि २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून गेला. पातळीनुसार फळांची चित्रे काढणाऱ्या आज्ञेचा हिशेब चुकला आणि ती नको तिथे चित्रे काढीत सुटली. खाण्याचे ठिपकेच पुरेसे उरले नाहीत, त्यामुळे ती पातळी पार होणे अशक्य झाले. खेळाला शेवट नाही असे ज्यांनी मानले होते, त्यांच्या खेळाला यंत्रानेच असा शेवट करून दिला.

सर्वच चुका अशा निरुपयोगी ठरल्या नाहीत. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये पडद्यावर पंचावन्न शत्रू उतरत येतात. त्यांची चित्रे काढताना त्या काळचे यंत्र मेटाकुटीला येई आणि शत्रू संथ चालत. जसजसे ते मारले जात, तसतसा यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागत. हा यंत्राच्या दुबळेपणाचा परिणाम होता. पण निशिकादोंनी तो तसाच ठेवला, कारण खेळातली रंगत त्यानेच वाढत होती. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये एका ठोशाला दुसरा ठोसा असा जोडता येतो, की प्रतिस्पर्ध्याला सावरायला अवधीच मिळत नाही. हा प्रकारही योजलेला नव्हता. चाचणीच्या वेळी तो निर्मात्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी तो राहू दिला. पुढे मारामारीच्या खेळांचे सारे शास्त्रच त्यावर उभे राहिले.

मुंबईत ऐंशीच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरे निघाली. नव्वदीत दूरचित्रवाणी संचाला जोडायची स्वस्त यंत्रे मध्यमवर्गीय घरांत आली. त्या यंत्रांच्या कॅसेटींवर नऊ लाख नव्याण्णव हजारांच्या घरातले खेळ छापलेले असत. प्रत्यक्षात मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ही लबाडी प्रथम ओळखली ती मुलांनीच. छापील आकड्यावर विश्वास ठेवून पैसे मोजणारे आईवडील होते, आणि पडद्यावर काय दिसते ते पाहून फसवणूक सांगणारी पोरे होती.

गांधीजी आणि अणुबॉम्ब

या विषयात एक कथा अशी आहे, की तिचा संबंध थेट आपल्या गिरगावाशी पोचतो. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला. त्यात खेळाडूने एका राष्ट्राचा कारभार पाहायचा असतो आणि इतर राष्ट्रांचे नेतृत्व यंत्राकडे असते. हिंदुस्थानचे नेते म्हणून त्यात महात्मा गांधी आहेत. हे गांधीजी खेळाच्या उत्तरार्धात अणुबॉम्बच्या धमक्या देऊ लागतात, असे खेळाडूंनी पाहिले. याचे कारण म्हणून पुढे जी कथा जगभर पसरली ती अशी : गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा सर्वांत कमी, म्हणजे एक ठेवलेला होता. राष्ट्राने लोकशाही स्वीकारली, की आक्रमकता दोनने कमी होई. एकातून दोन गेले म्हणजे उणे एक. पण त्या आठ घरांच्या खणात उणे आकडा मावत नसल्यामुळे तो उलटा फिरून २५५ झाला, आणि अहिंसेचा पुजारी जगातला सर्वांत युद्धखोर नेता बनला.

ही कथा ऐकून कोणाला हसू येणार नाही? खोताच्या वाडीपासून गावदेवीचे मणिभवन पायी फार दूर नाही. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम तिथे असे. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सूत्रे १९१९ साली तिथून हलली, आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्याच घराच्या गच्चीवर त्यांना अटक झाली. त्या माणसाच्या तोंडी अणुबॉम्बची धमकी यावी, ही विसंगती इतकी झकास आहे, की तिचे कारण खरे आहे की नाही हे विचारायचे भान कोणाला राहिले नाही.

आणि ते कारण खरे नव्हते. सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात स्पष्ट सांगितले, की असा दोष त्या खेळात कधीच नव्हता. आक्रमकतेच्या मोजक्याच पायऱ्या होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर गांधीजींप्रमाणे इतरही नेते होते, आणि उलटा फिरणारा आकडा ही मागाहून रचली गेलेली गोष्ट होती. ज्याच्या हाती अणुबॉम्ब येई तो प्रत्येक नेता धमकी देई. गांधीजींच्या तोंडून ती ऐकताना माणसे दचकत आणि ती लक्षात ठेवत. मौज अशी, की २०१० साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत रचनाकारांनी थट्टा म्हणून अण्वस्त्रांविषयीची गांधीजींची ओढ मुद्दाम सर्वांहून अधिक ठेवली. नसलेली चूक अशा रीतीने खरी करण्यात आली.

या कथेतला धडा दोन्ही बाजूंनी घेण्यासारखा आहे. यंत्र चुकते असे म्हणणाऱ्यालाही पडताळणीपासून सुटका नाही. आपल्या पूर्वग्रहाला किंवा विनोदबुद्धीला गोड वाटणारी चूक चटकन खरी मानली जाते. परंतु इथे महत्त्वाचे हे, की प्रश्न विचारला गेला, ज्याने खेळ रचला त्याने उत्तर दिले आणि शंकेचा निकाल लागला. शंका घेणाऱ्याला कोणी चोर ठरविले नाही.

विनू मंकड काय चुकले?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. खेळातली खोट शोधणारी मुले पुढे त्याच खोटेचा फायदा उठवितात. भिंतीतून आरपार जाऊन शर्यत जिंकतात. ही लबाडी नव्हे काय? मग चुका शोधण्याचे कौतुक करणे म्हणजे लबाडीचे कौतुक करणे होय.

आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर संगणकाच्या खेळांपेक्षा जुन्या खेळात शोधलेले बरे. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी गोलंदाजीला धावत येताना पाहिले, की पलीकडचा फलंदाज बिल ब्राऊन चेंडू पडण्यापूर्वीच रेषेबाहेर निघाला आहे. मंकडांनी चेंडू न टाकता यष्टी उडविल्या. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीद दिली होती आणि नंतर तसेच बादही केले होते. तरीही वृत्तपत्रांनी गहजब केला आणि अशा रीतीने बाद करण्याला मंकडांचे नाव चिकटले. तेही निंदेच्या सुरात. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र मंकडांची बाजू घेतली. नियम फलंदाजाला रेषेत राहायला सांगतो. तो मोडणारा फलंदाज होता, मंकड नव्हते. क्रिकेटच्या नियमकर्त्यांना हे नियमांच्या मांडणीत उतरवायला पाऊणशे वर्षे लागली. ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या कलमात घालण्यात आला.

उलट उदाहरणही आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला अखेरच्या चेंडूवर बरोबरीसाठी षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने आपल्या धाकट्या भावाला तो चेंडू हात न फिरविता जमिनीलगत सरपटत टाकायला सांगितले. नियमात ते बसत होते. पण खेळाचा त्यात प्राण राहिला नाही आणि पुढे नियमच बदलण्यात आला. खोट सापडणे हा गुन्हा नव्हे. तिचा उपयोग दुसऱ्याला ठकविण्यासाठी होतो, की ती उघड करून सर्वांच्या हितासाठी नियम नीट करून घेतला जातो, यावर नीती ठरते.

वाडीतल्या क्रिकेटला हे शहाणपण कधीच ठाऊक होते. चेंडू एका टप्प्यानंतर एका हाताने झेलला तर बाद, कोणाच्या घरात गेला तर बाद. हे नियम कोणा क्रिकेट मंडळाने केले नाहीत. अरुंद गल्ली, लाकडी घरे, खिडक्यांच्या काचा आणि आतल्या आजीबाईंचा आवाज यांतून ते घडले. एखाद्याने नियमातली फट शोधून फायदा घेतला, की त्या डावापुरते भांडण होई आणि दुसऱ्या दिवशी नवा नियम होई. दोष दाखविणारा आणि दुरुस्ती करणारा एकाच ओट्यावर बसलेले असत. हीच त्या व्यवस्थेची खरी ताकद होती.

खिडकीवरचे उत्तर

आता ओट्यावरून उठून कचेरीच्या खिडकीपुढे येऊ. नावातली एक वेलांटी चुकली म्हणून अर्ज अडतो. शिधावाटप दुकानातल्या यंत्राला कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा ओळखता येत नाही. प्रवेशाच्या यादीत गुणांची बेरीज भलतीच दिसते. नागरिक सांगतो, हे चूक आहे. खिडकीमागचा कारकून सद्‌गृहस्थ असतो. त्यालाही दिसते, की हे चूक आहे. पण उत्तर ठरलेले : ‘सिस्टीम घेत नाही.’ या तीन शब्दांपुढे अपील नाही. कारकुनाचा त्यात दोष म्हणावा, तर त्याच्या हातून लेखणी काढून घेतलेली आहे. पूर्वी चुकीच्या नोंदीवर तांबड्या शाईने दुरुस्ती करून तो सही करी. आज त्याला पडद्यावर तेवढीही जागा नाही.

याचा परिणाम केवढा भयंकर होऊ शकतो, हे ब्रिटनने पाहिले आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती आणली. तीत दोष होते. उपडाकघरे चालविणाऱ्या साध्या माणसांच्या हिशेबात नसलेली तूट ती दाखवू लागली. नऊशेहून अधिक लोक चोरी आणि अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरे विकून न घेतलेले पैसे भरले. तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांना सांगण्यात आले, की अशी अडचण तुम्हां एकट्यालाच येते आहे. योगायोग पाहा : संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याने यंत्र नीट चालत होते हे दाखवावे, ही तेथील कायद्यातली अट १९९९ च्याच एका कायद्याने काढून टाकली होती. यंत्र बरोबर असे गृहीत, माणूस चूक असे गृहीत. अखेर ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला, २०१९ साली न्यायालयाने पद्धतीतले दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्या माणसांपैकी प्रत्येकाला प्रारंभापासून ठाऊक होते, की ‘गेम चुकला’ आहे. त्यांना ओटा मात्र नव्हता. खांद्यावरून डोकावून ‘माझ्याकडेही असेच होते’ म्हणणारा कोणी नव्हता.

आपल्याला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सरसकट लागू केली. निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळून गेली, उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाल्याच्या तक्रारी आल्या, पुढील शिक्षणाचे अनेकांचे प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या गोंधळात पद्धत सदोष आहे हे सर्वप्रथम कळले ते पडद्यापुढे बसलेल्या प्राध्यापकांना आणि निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना. त्यांचे ऐकून घेण्याची सोय आधीपासून असती, तर एवढी हानी झाली नसती.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात संगणकीय नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडण्याची अट आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ती अट बंधनकारक ठरविली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु सामान्य माणसाचे आयुष्य न्यायालयात जात नाही. ते खिडकीपुढे जाते. तेथे यंत्राला कोणीही प्रमाणपत्र विचारीत नाही.

करावयाच्या गोष्टी

मागण्या मोठ्या नाहीत. लोकांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक संगणकीय कचेरीत यंत्राच्या चुकांची नोंदवही असावी आणि ती कोणालाही पाहता यावी. म्हणजे आपल्यासारखाच दुसरा कोणी अडला होता काय, हे नागरिकाला कळेल. नोंद उघड चुकीची असेल तेव्हा आपल्या सहीने तात्पुरती दुरुस्ती करून काम पुढे सरकविण्याचा अधिकार खिडकीवरच्या कारकुनाला परत मिळावा, आणि त्या सहीबद्दल तो जबाबदारही राहावा. वाद झालाच, तर यंत्र बरोबर होते हे दाखविण्याचा भार यंत्र वापरणाऱ्या संस्थेवर असावा. गांधीजींच्या कथेने दाखविल्याप्रमाणे नागरिकाची शंका कधी खोटीही ठरेल, ठरू द्यावी. तपासून खोटी ठरलेली शंका आणि न तपासता फेटाळलेली शंका यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

शिक्षकांकडून अपेक्षा थोडी वेगळी. शाळेत संगणक शिकविताना मुलांना आज्ञा लिहायला शिकवितात आणि उत्तर बरोबर आले की गुण देतात. त्याबरोबर एक चुकीची आज्ञावली देऊन तीतली खोट शोधायला सांगावे, आणि ती कशी सापडली हे वर्गापुढे बोलायला लावावे. ज्या मुलाने मोटार भिंतीवर दुसऱ्यांदा नेऊन आदळली, त्याच्या अंगी परीक्षकाची बुद्धी आहे. तिला वेळ वाया घालविण्याचा रोग समजून दडपले, तर पुढे तोच मुलगा खिडकीच्या आत बसून ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणेल, किंवा बाहेर उभा राहून ते मुकाट्याने ऐकेल.

खोताच्या वाडीत आता जुनी घरे थोडी उरली आहेत. उंच इमारतींनी वेढलेल्या त्या गल्लीत ओटेही कमी झाले. ज्या जागी चार जण जमून ‘हे बरोबर नाही’ असे मोकळेपणी म्हणू शकत, त्या जागा सगळ्याच शहरातून नाहीशा होत आहेत, आणि कचेऱ्यांतून तर त्या केव्हाच नाहीशा झाल्या. खेळातली मोटार आकाशात उडाली तर हसून सोडून देता येते. माणसाचे नाव, त्याचा शिधा, त्याचे गुण आणि त्याची अब्रू यंत्राच्या चुकीने उडून गेली, तर ती परत आणायला वीस वर्षे लागतात, हे आपण पाहिले. त्या दिवशी खिडकीपुढे ठामपणे उभे राहणाऱ्या माणसामागे आणखी चार जण असावेत, एवढी तरतूद आपण आजच करायला हवी.